घरचा गुरू आणि ५० किलोमीटरचं अंतर

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. मी हिशेबतपासणीच्या कामात आहे. डेटर्सची, म्हणजे कंपनीला पैसे देणं असलेल्यांची, यादी लेजरशी (खातेवहीशी) टॅली न करताच मी पुढे सरकवली, आणि ताळेबंदावर सह्या व्हायच्या आदल्या संध्याकाळी वरिष्ठांना तो फरक सापडला. सगळी टीम रात्रभर पुन्हा बसली. मला कोणी फारसं बोललं नाही, त्याचंच जास्त ओझं झालं. पहाटे घरी पोचले तर बाबा जागे होते. तेही याच व्यवसायातले, ३० वर्षं मुरलेले. काय झालं ते मी दारातच सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग बॅलन्स कन्फर्मेशन मागवली नव्हतीस का?"

म्हणजे येणं असलेली रक्कम बरोबर आहे असं त्या डेटर्सकडून लेखी मागवणं. प्रश्न अगदी बरोबर होता. आज माझ्या हाताखालच्या मुलाने अशी चूक केली तर मीही पहिल्यांदा तेच विचारेन. पण त्या पहाटे मी ऑफिसातल्या एका साहेबासमोरून निघाले होते आणि घरी येऊन दुसऱ्या साहेबासमोर उभी राहिले होते. बाबा वाईट वागले असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. फक्त आता जायचं कुठे, हे कळेना.

करिअरच्या बाबतीत आईवडिलांसारखा मार्गदर्शक नाही, असं सर्रास म्हटलं जातं. त्यांच्याइतकं आपल्याला कोणी ओळखत नाही, त्यांचा स्वार्थ नसतो, रात्री दोन वाजताही ते फोन उचलतात आणि फी घेत नाहीत. हे सगळं खरं आहे. तरी माझं मत असं की आईवडिलांनी मुलांचा मेंटॉर होणं ही शेवटची सोय असावी, पहिली नव्हे. मेंटॉर चुकला तर बदलता येतो, पटला नाही तर त्याला टाळता येतं, त्याचं काम झालं की त्याचे आभार मानून पुढे जाता येतं. आईबाप बदलता येत नाहीत. दोन्ही भूमिका एकाच माणसावर लादल्या की ओढाताणीत दर वेळी जी भूमिका हरते ती आईबापाची असते, आणि ती भरून काढायला बाहेर कोणी मिळत नाही.

आधी दुसऱ्या बाजूचं जे देणं आहे ते देऊन टाकते, कारण ते थोडं नाही. घरात एखादा व्यवसाय चालत असेल तर मूल नकळत जे शिकतं ते कुठल्या अभ्यासक्रमात सापडत नाही. अशिलाशी फोनवर कुठल्या आवाजात बोलायचं, "बघतो" म्हणजे नकार केव्हा आणि होकार केव्हा, वरिष्ठाची चूक कशी दाखवायची की ती त्यालाच सापडली असं त्याला वाटेल. मी पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तेव्हा यातलं निम्मं मला येत होतं. बरोबरीच्या मुलांना ते शिकायला दोन वर्षं लागली, आणि वरिष्ठांनी त्याला माझी हुशारी म्हटलं.

याची मोजदादही झाली आहे. अलेक्स बेल, राज चेट्टी या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १२ लाख संशोधकांच्या पेटंटच्या नोंदी करविवरणांशी जोडून पाहिल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की उत्पन्नाच्या वरच्या एक टक्क्यातल्या घरातलं मूल पुढे पेटंट घेण्याची शक्यता उत्पन्नाच्या खालच्या निम्म्यातल्या घरातल्या मुलाच्या दहापट असते. शाळेत गणितात सारखेच गुण मिळवणाऱ्या मुलांमध्येही ही दरी बरीचशी उरते. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटली. मुलं नुसती संशोधक होत नाहीत, तर ज्या तंत्रज्ञानाच्या सहवासात वाढली नेमक्या त्याच शाखेत संशोधक होतात. आणि मुलींवर परिणाम होतो तो आसपासच्या संशोधक स्त्रियांचा, पुरुषांचा नाही. बुद्धी वारशाने येते म्हणून हे होत असतं तर ती अशी शाखा बघून आणि बाई-पुरुष बघून आली नसती. जे डोळ्यांसमोर दिसतं, ते आपल्यालाही करता येईल असं वाटतं, इतकी साधी ही गोष्ट आहे.

म्हणजे जवळ कोणीतरी असावं लागतं हे पक्कं. ते कोणीतरी आईवडीलच असावेत का, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही. त्या अभ्यासात शेजारचाही प्रभाव दिसतो, नुसता घरचा नाही.

वैद्यकीच्या व्यवसायाने हा प्रश्न फार पूर्वी स्वतःपुरता सोडवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पहिली नीतिसंहिता १८४७ सालची. तिच्यात डॉक्टरांच्या घरच्या आजारपणाबद्दल एक कलम आहे. बायको, मूल किंवा रक्ताचं माणूस आजारी पडलं की डॉक्टरला वाटणारी काळजी त्याचा निर्णय धूसर करते आणि उपचारात भित्रेपणा व अनिश्चितता आणते, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून घरच्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे न्यावं. आजची संहिताही साधारण हेच सांगते. इथे कोणी डॉक्टरच्या ज्ञानावर शंका घेतलेली नाही, त्याच्या प्रेमावर तर नाहीच. अडचण प्रेमाचीच आहे. पोटचं मूल समोर असलं की हात थरथरतो.

करिअरचा सल्ला देतानाही हात असाच थरथरतो, फक्त तो दिसत नाही. पालक मुलाला सांगतात ते बहुतेक वेळा "यात काय मिळेल" हे नसतं, "यात काय बिघडू शकतं" हे असतं. परक्या मार्गदर्शकाला तुमच्या अपयशाची झळ लागत नाही, म्हणूनच तो तुम्हाला उडी मारायला सांगू शकतो. आईला ती झळ आधीच लागलेली असते, अगदी तुम्ही उडीचा विचार करण्यापूर्वीच.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत हलवून टाकणारं उदाहरण गणितातलं आहे. हंगेरियन गणितज्ञ फार्काश बोयाई यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक सिद्ध करण्यामागे घालवली आणि हाती काही लागलं नाही. मुलगा यानोश, जन्म १८०२, याला गणित त्यांनीच शिकवलं. पोरगा बापाच्या पुढे गेला आणि त्याच कोड्याला जाऊन भिडला. १८२० साली फार्काश यांनी त्याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मी ही रात्र शेवटपर्यंत चालून पाहिली आहे, तिने माझ्या आयुष्यातला सगळा उजेड विझवला, तू या वाटेला जाऊ नकोस, ती तुझा वेळ, तब्येत आणि मनःशांती सगळं घेईल, असा त्याचा आशय. इतक्या मायेने लिहिलेला आणि इतका चुकीचा सल्ला क्वचितच कोणी दिला असेल. यानोशने तो ऐकला नाही. १८२३ मध्ये त्याने वडिलांना कळवलं की शून्यातून मी एक नवं, निराळं जग उभं केलं आहे. ते जग म्हणजे अयुक्लिडीय भूमिती, युक्लिडचं ते गृहीतक बाजूला ठेवून उभी राहिलेली.

या बापाने पुढे काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. मुलाला वाट सापडली आहे हे कळल्यावर त्याने घाई केली, लवकर छाप म्हणून मागे लागला, आणि १८३२ मध्ये स्वतःच्या ग्रंथाला परिशिष्ट म्हणून मुलाचं काम छापलं. आज त्या ग्रंथाची आठवण निघते ती त्या परिशिष्टामुळे. आणखी एक धागा आहे. यानोश १३ वर्षांचा असताना फार्काश यांनी आपला कॉलेजचा मित्र, थोर गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस याला लिहिलं होतं की माझ्या पोराला तुझ्या घरी ठेवून घे आणि शिकव. गाउसने उत्तरच दिलं नाही. यानोश मग व्हिएन्नाच्या लष्करी अभियांत्रिकी अकादमीत गेला. पुढे परिशिष्ट वाचून गाउसने कळवलं की याची स्तुती करणं म्हणजे स्वतःचीच स्तुती करणं, कारण हे विचार माझ्या मनात कैक वर्षांपासून आहेत. यानोशने त्यानंतर गणितात काही छापलं नाही. मला राहून राहून वाटतं, त्या बापाला त्या १८१६ सालीच कळलं होतं की मुलाला आपल्यापलीकडे कोणीतरी लागणार आहे. त्याने योग्य दार ठोठावलं. ते उघडलं नाही.

आता स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा गणितज्ञ योहान बर्नुली याच्याकडे बघा. तो स्वतः १६६७ चा. वडिलांची इच्छा होती की त्याने व्यापारात यावं. तो तिथे रमला नाही, थोरल्या भावाबरोबर चोरून-मारून गणित शिकला आणि युरोपातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. अशा माणसाने स्वतःच्या मुलाला तरी मोकळं सोडावं ना? त्याने मुलाला, डॅनिएलला, आधी व्यापारात आणि मग वैद्यकीत ढकललं. डॅनिएल तरी गणिताकडेच गेला. १७३४ साली पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बाप-लेकांना विभागून मिळालं, तेव्हा मुलगा आपल्या बरोबरीला बसला हे बापाला सहन झालं नाही आणि त्याने डॅनिएलला घराचं दार बंद केलं. १७३८ मध्ये डॅनिएलचा द्रवगतिकीवरचा ग्रंथ आला. काही वर्षांनी बापाने त्याच विषयावर आपला ग्रंथ काढला आणि त्यावर १७३२ साल टाकलं, म्हणजे मुलानेच बापाचं उचललं असं दिसावं. सर्वत्र जय इच्छावा पण पुत्राकडून पराजय इच्छावा, असं आपण सुभाषितात म्हणतो. ते म्हणावं लागतं यातच सगळं आलं.

एवढ्यावर थांबले असते तर योहान एक खाष्ट म्हातारा ठरला असता आणि विषय संपला असता. पण त्याच गावात, त्याच सुमारास, एका पाद्र्याचा मुलगा त्याच्याकडे येत होता. योहानने त्याला शिकवणी दिली नाही, वेळ नाही म्हणाला. अवघड पुस्तकं दिली, स्वतः वाच म्हणाला, आणि आठवड्यातून एका दुपारी अडलेलं विचारायला येण्याची मुभा दिली. मुलाच्या वडिलांना त्याला धर्मोपदेशक करायचं होतं. योहानने त्यांची समजूत घातली की हा गणितासाठी जन्मला आहे, याला सोडा. तो मुलगा लेओनार्ड ऑयलर. पुढे ऑयलर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा झाला, आणि या रागीट, मत्सरी माणसाने म्हातारपणी त्याला पत्रात गणितज्ञांचा अग्रणी म्हणून संबोधलं.

माणूस तोच, विषय तोच, शहर तेच. दुसऱ्याच्या मुलाला त्याने वाट करून दिली आणि स्वतःच्या मुलाची अडवली. ऑयलर पुढे गेला तेव्हा योहानचं काही कमी झालं नाही. डॅनिएल पुढे गेला तेव्हा मात्र घरातल्या घरात कोणीतरी मागे पडलं. आणि गंमत बघा, ऑयलरच्या वडिलांनाही स्वतःच्या मुलात काय आहे ते परक्याने येऊन सांगावं लागलं.

सगळे बाप योहान नसतात हे मान्य. चांगले, जबाबदार, प्रेमळ मार्गदर्शक झालेल्या पालकांचं काय? तिथे मला इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल आठवतो आणि मी जरा थांबते, कारण त्याच्या बापाने शिक्षक म्हणून काहीही कमी ठेवलं नव्हतं. जेम्स मिलने मुलाला तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू केलं, आठव्या वर्षी लॅटिन. स्वतः एकीकडे मोठा ग्रंथ लिहीत असताना त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मुलाला बसवून तो शिकवत होता आणि दर शब्दाला अडणाऱ्या पोराच्या शंका झेलत होता. इतर मुलांत तो त्याला फारसा मिसळू देत नसे. १८२३ मध्ये, १७ व्या वर्षी, मुलगा ईस्ट इंडिया कंपनीत लागला, तोही थेट बापाच्या हाताखाली. म्हणजे शाळा बाप, विचार बाप, साहेबही बाप.

१८२६ च्या शरदात, विशीत, तो कोसळला. त्याने स्वतःला विचारलं होतं की ज्या सुधारणांसाठी मी जगतो आहे त्या सगळ्या या क्षणी झाल्या तर मी सुखी होईन का, आणि आतून उत्तर आलं, नाही. आत्मचरित्रात तो लिहितो की एरवी कुठल्याही व्यावहारिक अडचणीत मी वडिलांकडे गेलो असतो, पण या बाबतीत मदत मागायला ते अगदी शेवटचं माणूस होते. ज्या शिक्षणाने ही अवस्था आणली ते त्यांचंच होतं, ते फसलं हे त्यांना सांगून दुःख देण्यात अर्थ नव्हता. त्याने कोणालाच सांगितलं नाही. कामावर जात राहिला, बापाच्या समोर बसत राहिला. पुढे बरेच महिने गेल्यावर मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणींत, वडील वारल्यावर लहान मुलगा घराची जबाबदारी घेतो तो प्रसंग वाचताना त्याला रडू आलं आणि ओझं हलकं व्हायला तिथून सुरुवात झाली. बाप मरतो हा प्रसंग वाचून. यावर मानसशास्त्राचे पुष्कळ तर्क लढवले गेले आहेत, मी भर घालत नाही.

मला यात एकच गोष्ट दिसते. जेम्स मिल मार्गदर्शक म्हणून कमी पडला नाही. तो इतका पुरा पडला की बाप म्हणून उरलाच नाही. मुलगा कामात हरल्यावर ज्याच्याकडे जायचं, तोच कामाचा मापारी होता. माझ्या त्या पहाटेची मिलच्या त्या वर्षाशी तुलना करणं हास्यास्पद आहे, तरी दारात उभं राहून मला वाटलं ते याच जातीचं होतं.

यावर एक हमखास आक्षेप येतो. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांचे वडील रिचर्ड, ज्यांनी मुलींना टेनिस शिकवण्यासाठी स्वतः टेनिस शिकून घेतलं, त्यांचं काय? उदाहरण चांगलं आहे, पण नीट वाचलं तर ते माझ्याच बाजूला पडतं. मुली हाताबाहेर चांगल्या खेळू लागल्या तेव्हा, १९९१ मध्ये, ते कुटुंब फ्लोरिडाला गेलं आणि त्यांनी मुलींना रिक मॅकी या प्रशिक्षकाच्या हाती दिलं. आणि मुली जिंकत असताना त्यांना ज्युनियर स्पर्धांमधून बाहेर काढलं. शाळा व्हावी, लहानपणी थकून जाऊ नयेत म्हणून. जिंकणाऱ्या खेळाडूला थांबवणं कुठल्या प्रशिक्षकाला परवडेल? तो निर्णय बापाचा होता. टेनिस जाणणारे पुष्कळ असतात, पण "आता बस" म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे असं माणूस एकच असतं. आंद्रे आगासीच्या वाट्याला ते आलं नाही. वडिलांनी घरामागे कोर्ट बांधून चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर त्याला उभं केलं, तो जगात पहिला झाला, आणि २००९ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं की मी टेनिसचा तिरस्कार करतो. शिवाय ही दोन्ही नावं आपल्याला माहीत आहेत ती मुलं जिंकली म्हणून. अशाच कोर्टावर उभी राहिलेली आणि कुठेच न पोचलेली मुलं आत्मचरित्रं लिहीत नाहीत.

इथपर्यंत हा घराघरातला प्रश्न होता. पण तो सार्वजनिकही आहे, आणि त्या बाजूकडे आपण फार सोयीस्कर दुर्लक्ष करतो.

मार्गदर्शन घरीच मिळतं असं गृहीत धरलं की ज्यांच्या घरी ते नाही त्यांचा विचार करायची जबाबदारी कोणावरच उरत नाही. शाळा म्हणते घरी विचारा. घरी आईला मुलगी कुठली शाखा घेते आहे त्याचं नावही उच्चारता येत नसतं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०२० साली पंधरा वर्षांच्या मुलांच्या अपेक्षांचा अहवाल काढला. ४१ देशांत ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली तिशीत आपण ज्या कामात असू असं सांगत होत्या, ती कामं सगळी मिळून फक्त दहा होती. डॉक्टर, शिक्षक, वकील, पोलीस या वळणाची. मुलांना स्वप्नं कमी पडतात असं नाही. त्यांनी पाहिलेली माणसंच कमी असतात, आणि घराला एका मर्यादेपलीकडे नवी माणसं दाखवता येत नाहीत. ज्यांच्या घरी मार्गदर्शन आहे त्यांनाही नाही, हे विसरायला नको.

हे का, ते मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा. "वारंवार" म्हणणारे १७ टक्क्यांहून कमी निघाले. बाकीच्यांना नोकरीची बातमी दिली होती ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. बाबांच्या सगळ्या ओळखी मला होत्याच. मला माझी पहिली बढतीची नोकरी मिळाली ती एका प्रशिक्षणवर्गात शेजारी बसलेल्या बाईंमुळे, ज्यांचं आडनावही मला धड आठवत नव्हतं.

मग करायचं काय? १९०७ च्या सुमाराला पॅरिसमधल्या काही पालकांनी एक छान तोड काढली होती. मेरी क्यूरी आणि त्यांचे मित्र आपापल्या मुलांच्या शाळेवर नाराज होते. प्रत्येकाने घरी आपल्या मुलाला शिकवायला घेतलं असतं तर कोणी आश्चर्य मानलं नसतं, एकेक जण तेवढ्या तोलाचा होता. त्यांनी मुलं एकत्र केली आणि शिकवणं वाटून घेतलं. मेरी क्यूरी भौतिकशास्त्र शिकवत, रसायन ज्याँ पेरँ, गणित पॉल लांजव्हँ. सुमारे दोन वर्षं हे चाललं. मुलीला, इरेनला, गणित शिकवायला नोबेल मिळवलेल्या आईला कोणाची गरज नव्हती. तरी इरेनला लांजव्हँकडे गणित न येण्याची सोय होती, आणि घरी येऊन त्याबद्दल कुरकुर करायला आई होती. १९३५ साली इरेनलाही नोबेल मिळालं. ते या शाळेमुळे मिळालं असं मी म्हणत नाही. आईच्याच क्षेत्रात आयुष्यभर काम करूनही मायलेकींचं नातं शाबूत राहिलं, मला त्याचं अप्रूप जास्त आहे.

पालकांनी मार्गदर्शन करूच नये असं म्हणणं वेडेपणाचं होईल. त्यांनी ते आपापसात बदलून घ्यावं. माझं ज्ञान तुझ्या मुलाला, तुझं माझ्या मुलीला, आणि त्या वर्तुळात ज्या घरांकडे असं द्यायला काही नाही त्यांचीही मुलं. शाळा आणि कॉलेजांना हे अशक्य नाही. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या त्यांच्याकडे असतात, एरवी त्या देणग्या मागायलाच उघडल्या जातात. व्यावसायिकांच्या संघटनांना तर हे अगदीच सोपं आहे. नियम एकच हवा: आपल्या संस्थेतल्या सभासदाचं मूल दुसऱ्या संस्थेतल्या माणसाकडे जाईल. आमच्या हिशेबतपासणीच्या धंद्यात आज उलटी रीत आहे. मुलगा किंवा मुलगी बापाच्याच फर्ममध्ये शिकते, आणि तिथे तिला तिच्या चुका सांगायची कोणाची छाती होत नाही.

जर्मनीतले सुतार आणि गवंडी हे पूर्वीपासून जाणतात. शिकाऊपण संपवलेला कारागीर तिथे परंपरेप्रमाणे तीन वर्षं आणि एक दिवस भटकंतीवर जातो, आणि त्या काळात त्याने स्वतःच्या गावापासून ५० किलोमीटरच्या आत यायचं नाही. ही प्रथा अजून पाळणारे तरुण आहेत. बाप गावातला सर्वांत कसबी सुतार असला तरी सूट नाही. मेंटॉर हा शब्दही याच अंतरातून आला आहे, असं म्हणायला हरकत नाही. होमरच्या ओडिसीमध्ये बाप युद्धावर गेलेला असतो म्हणून घर आणि मुलगा ज्या मित्राच्या स्वाधीन होतो, त्याचं ते नाव. बाप घरी असता तर त्या माणसाची कथेत गरज पडली नसती, आणि त्या मुलाला, तेलेमाखसला, बहुधा घराबाहेर पडायचीही.

मला कोणी विचारेल की बाबांना तू हे कधी बोललीस का. नाही. ते निवृत्त झाल्यावर आमचं बरं चाललं आहे, कारण नवे नियम त्यांना माहीत नसतात आणि मी कामाचं काढत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या एका सहकारी मैत्रिणीची मुलगी माझ्याकडे आली होती. दोन वर्षं झालेली नोकरी सोडावी का, एवढंच विचारायचं होतं, पण दोन तास बसली. मी तिला जे सांगितलं ते माझ्या मुलाला सांगायचा धीर मला झाला नसता, आणि तिने मला सांगितलेलं तिने आईला सांगितलेलं नव्हतं. ती गेल्यावर रात्रीपर्यंत मैत्रिणीचे दोन फोन आले, काय बोलणं झालं म्हणून. मी सांगितलं नाही. माझा मुलगा सध्या शनिवारी त्या मैत्रिणीकडे जातो, आणि तीही मला काही सांगत नाही.